भाडं भरायचं कुणी, कसं आणि कुणाच्या नावानं?



दरवर्षी या पुस्तिकेत कुणी पाककृती लिहितं, कुणी प्रवासवर्णन, कुणी मुलांच्या मराठी शाळेबद्दल. मला संपादकांनी सांगितलं, "यंदा निधी घरभाड्याच्या मदतीसाठी आहे, तू त्यावर लिही." मी पडलो सॉफ्टवेअरवाला. समाजसेवेचं शिक्षण नाही. पण या विषयात मी एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय, आणि माझ्या मते शिकवायला तेवढी पात्रता पुरते.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पिनरमध्येच राहणाऱ्या एका ताईंचा नवरा घर सोडून गेला. पदरी सात वर्षांचा मुलगा, हातात अर्धवेळ नोकरी. युनिव्हर्सल क्रेडिटचा अर्ज केला होता, पण पहिले पैसे यायला साधारण पाच आठवडे लागतात. भाडं मात्र पाच आठवडे थांबत नाही. कुणीतरी आम्हा आठ-दहा जणांचा व्हॉट्सअॅप ग्रुप काढला. भाडं आठवड्याला ३०० पौंड, म्हणून मी हिशेब केला: ३०० गुणिले ४, म्हणजे १,२०० पौंड. दोन संध्याकाळींत पैसे जमले, माझ्या खात्यात आले, आणि मी ते ताईंच्या लेटिंग एजंटला पाठवले. रेफरन्सच्या रकान्यात काय लिहायचं सुचेना, म्हणून लिहिलं "विथ लव्ह फ्रॉम ऑल ऑफ अस".

आता बघा एका माणसाने किती चुका केल्या! एक, वर्षात ५२ आठवडे आणि १२ महिने असतात. म्हणजे महिन्याचं भाडं ३०० गुणिले ५२ भागिले १२, बरोबर १,३०० पौंड. मी शंभर पौंड कमी भरले होते. दोन, एजंटच्या हिशेबात "विथ लव्ह" नावाचा भाडेकरू कुणी नव्हता. पैसे "कुणाचे ते माहीत नाही" अशा खात्यात पडून राहिले आणि ताईंना थकबाकीची पत्रं येतच राहिली. ते निस्तरायला एकोणीस दिवस आणि असंख्य फोन लागले. तीन, आणि ही सगळ्यात मोठी: कुणी किती दिले याची नावानिशी यादी मी ग्रुपवर टाकली. मला वाटलं, पारदर्शकता! ती यादी फिरत फिरत ताईंपर्यंत पोचली. त्या वर्षी त्या गणपतीला आल्या नाहीत. पुढे भेटल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "दादा, उपकार विसरणार नाही. पण सगळ्यांना कळलं ना."

तेव्हापासून मी ठरवलं की हे काम नीट शिकायचं. जे शिकलो ते इथे मांडतो.

भाडं आणि कार्यकर्ता: जुनं नातं

आपल्या मेट्रोपॉलिटन लाइनने बेकर स्ट्रीटला उतरलात की तिथून चालत जाण्याजोग्या अंतरावर मेरिलबोनमध्ये गार्बट प्लेस नावाची छोटी गल्ली आहे. तिचं जुनं नाव पॅरडाइज प्लेस. १८६५ मध्ये जॉन रस्किन यांनी पैसे घातले आणि ऑक्टेव्हिया हिल या बाईंनी तिथली तीन मोडकळीला आलेली घरं गरीब कुटुंबांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. दर आठवड्याला बाई स्वतः, आणि पुढे त्यांनी तयार केलेल्या स्त्रिया, भाडं गोळा करायला दारात जात. भाड्याच्या निमित्ताने छत गळतंय का, मुलं शाळेत जातात का, कुणाचं काम सुटलं का, हे सगळं कळे. बाई थकबाकीच्या बाबतीत कडक होत्या, फुकट काही देत नसत. पण भाडं चुकलं म्हणजे घरात काहीतरी बिघडलंय, हे त्यांना बरोबर माहीत होतं. १८६९ मध्ये लंडनमध्ये चॅरिटी ऑर्गनायझेशन सोसायटी स्थापन झाली. तिच्या कामातही बाईंचा मोठा वाटा होता. आज ज्याला आपण केसवर्क म्हणतो, म्हणजे एकेका कुटुंबाचं प्रकरण हातात घेऊन शेवटपर्यंत नेणं, त्याची मुळं इथे सापडतात.

आणि आपल्याकडे? मुंबईच्या गिरणगावात कोकणातल्या गावांच्या मंडळांच्या खोल्या असत. गावचा माणूस मुंबईत आला की त्याची पथारी तिथे. धोबी तलाव, माझगाव भागात गोव्याच्या गावांचे कूड होते. बोटीवरच्या नोकरीची वाट बघणारे खलाशी तिथे थोड्या पैशांत राहात. प्रत्येकाने आपली वर्गणी द्यायची आणि खोलीचं भाडं सगळ्यांच्या वतीने एकत्र जायचं. घरमालकाचा संबंध मंडळाशी, माणसाचा संबंध गावाशी. म्हणजे "दुसऱ्याच्या वतीने भाडं भरणं" आपल्याला नवीन नाही. नवीन आहेत ते इथले कायदे आणि इथली बँक.

सरकारचा पैसा कुणाच्या हातात?

पहिला प्रश्न हा की भाड्यासाठी मिळणारी सरकारी मदत भाडेकरूच्या हातात द्यावी की थेट घरमालकाला? यावर इथे बरीच वर्षं वाद आहे. एप्रिल २००८ मध्ये देशभर लोकल हाउसिंग अलाउन्स आला आणि खाजगी घरातल्या भाडेकरूला मदत सहसा त्याच्याच हातात मिळू लागली. २०१३ मध्ये युनिव्हर्सल क्रेडिट सुरू झालं, त्यातही तेच धोरण. सरकारचं म्हणणं असं की पगारदार माणूस स्वतःच्या पगारातून भाडं भरतो, तसंच यांनीही भरावं, म्हणजे सवय राहते. म्हणणं चुकीचं नाही. पण ज्या खात्यात आधीच ओव्हरड्राफ्ट आहे, तिथे आलेले पैसे भाड्यापर्यंत पोचण्याआधीच बँक गिळते.

गंमत म्हणजे याच राज्यात तीन तऱ्हा आहेत. इंग्लंडमध्ये पैसे भाडेकरूच्या हातात. स्कॉटलंडमध्ये २०१७ पासून भाडेकरूला निवड करता येते: स्वतः घेतो, की थेट घरमालकाला पाठवा. उत्तर आयर्लंडमध्ये मुळातच घरमालकाला जातात. एकच सिस्टिम, तीन सेटिंग! आपण पिनरवाले पहिल्या सेटिंगमध्ये आहोत, म्हणून आपल्याला मार्ग माहीत असायला हवेत.

मार्ग पहिला: थेट घरमालकाला

इंग्लंडमध्येही युनिव्हर्सल क्रेडिटमधला घराचा भाग थेट घरमालकाला पाठवायची सोय आहे. दोन महिन्यांचं भाडं थकलं असेल, किंवा माणूस कौटुंबिक छळ, मानसिक आजार, व्यसन, मोठं कर्ज अशा अडचणीत असेल, तर ही मागणी करता येते. भाडेकरू स्वतः, त्याचा केसवर्कर किंवा घरमालक, कुणीही अर्ज करू शकतो. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, घरमालकाला फक्त तो मंजूर भाग मिळतो. भाडं १,३०० आणि मंजूर १,१०० असेल, तर वरचे २०० भाडेकरूनेच भरायचे. "सरकार भरतंय" म्हणून निर्धास्त राहिलेली माणसं इथेच अडकतात. दोन, केसवर्करला त्या प्रकरणात बोलायचं असेल तर भाडेकरूने आपल्या ऑनलाइन जर्नलमध्ये स्पष्ट संमती लिहावी लागते: कुणाला, कोणत्या प्रश्नापुरती. "मी त्यांचा फॅमिली फ्रेंड आहे" असं फोनवर सांगून चालत नाही.

मार्ग दुसरा: कौन्सिल

पिनर हॅरो कौन्सिलच्या हद्दीत येतं. भाड्यासाठी सरकारी मदत मिळूनही जी तूट राहते, तिच्यासाठी २००१ पासून कौन्सिलांकडे डिस्क्रेशनरी हाउसिंग पेमेंट ही सोय आली. इंग्लंडमध्ये एप्रिल २०२६ पासून तिच्या जागी क्रायसिस अँड रेझिलियन्स फंड हा एकत्रित निधी आणायचं सरकारने ठरवलं. नाव बदललं तरी विचारायचा दरवाजा कौन्सिलचाच.

याशिवाय होमलेसनेस रिडक्शन अॅक्ट एप्रिल २०१८ पासून लागू आहे. ५६ दिवसांत कुणी बेघर होण्याचा धोका असेल, तर ते टाळायला मदत करणं कौन्सिलचं कर्तव्य आहे. आपली माणसं इथे फार उशिरा जातात. सामान रस्त्यावर आल्यावर कौन्सिलकडे जायचं नसतं, नोटीस हातात पडली की जायचं असतं. आणि कौन्सिल "हो" म्हणेपर्यंत घर सोडायचं नसतं.

मार्ग तिसरा: संस्थांचा निधी

ट्रॅफल्गर स्क्वेअरजवळच्या सेंट मार्टिन-इन-द-फील्ड्स चर्चच्या नावाने रेडिओवर १९२७ पासून नाताळचं आवाहन होतं. त्या संस्थेचा फ्रंटलाइन फंड, ज्याला पूर्वी व्हिकर्स रिलीफ फंड म्हणत, घर मिळवायला किंवा असलेलं घर टिकवायला छोटी अनुदानं देतो. तिथे गरजू माणूस थेट अर्ज करू शकत नाही. त्याचं प्रकरण हाताळणारा कार्यकर्ता अर्ज करतो. मला ही रचना फार आवडली. कारण पैशाबरोबर एक जाणकार माणूसही त्या कुटुंबाच्या मागे उभा राहतो. आपल्या मंडळाने मोठी यंत्रणा उभारायची गरज नाही. पण सिटिझन्स अॅडव्हाइस किंवा शेल्टरसारख्या संस्थेतल्या केसवर्करने सांगावं आणि आपण भरावं, एवढं नक्की करता येईल.

मार्ग चौथा: ज्याला व्यवहार झेपत नाहीत त्याच्यासाठी

स्मृतिभ्रंश झालेले आजोबा किंवा गंभीर मानसिक आजार असलेली व्यक्ती असेल, तर सरकारी खातं "अपॉइंटी" नेमतं. तो त्या व्यक्तीच्या वतीने सरकारी मदत घेतो आणि त्यातून भाडं भरतो. हा नातेवाईक असू शकतो किंवा संस्थाही. मात्र अधिकार फक्त सरकारी मदतीपुरता, घर किंवा बँकेतल्या ठेवींवर नाही. ज्यांना सगळं समजतं पण पैसे हातात टिकत नाहीत, त्यांच्यासाठी काही क्रेडिट युनियन वेगळं खातं देतात: पैसे आले की भाड्याचा हिस्सा आधी बाजूला. आपल्या आज्या डब्यांत पैसे ठेवायच्या, दुधाचा डबा, वाण्याचा डबा. तेच हे!

मार्ग पाचवा: जिथे सरकारी मदतच नाही

आपल्यापैकी बरेच जण ज्या व्हिसावर आले, त्यावर "नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स" असा शिक्का असतो. म्हणजे युनिव्हर्सल क्रेडिट नाही, हाउसिंग बेनिफिट नाही. नोकरी गेली किंवा संसार मोडला की हे कुटुंब सर्वांत उघडं पडतं. तरीही दोन दरवाजे आहेत. चिल्ड्रेन अॅक्ट १९८९ च्या कलम १७ खाली, घरात गरजू मूल असेल तर कौन्सिल राहण्याची सोयसुद्धा करू शकतं. आणि नवऱ्याच्या व्हिसावर आलेली स्त्री छळामुळे बाहेर पडली असेल, तर फेब्रुवारी २०२४ पासून कामाच्या आणि विद्यार्थी व्हिसावरच्या लोकांच्या जोडीदारांनाही तीन महिन्यांची सवलत मागता येते, ज्यात सरकारी मदत घेता येते. पण मंडळी, व्हिसावर सल्ला आपण द्यायचा नाही. परवाना नसताना इमिग्रेशनचा सल्ला देणं इथे गुन्हा आहे. ती सवलत घेतल्याने आधीचा व्हिसा बदलतो, म्हणून आधी अधिकृत सल्लागार, मग अर्ज. आपलं काम तोवरचं छप्पर सांभाळणं.

प्रत्यक्ष पैसे भरताना

आता माझा प्रांत! कोणतंही सॉफ्टवेअर लोकांना देण्याआधी आम्ही टेस्टिंग करतो. भाडं भरण्याआधीही खालच्या गोष्टी तपासायच्या.

१. भाडेकरार डोळ्यांनी बघा. भाडं किती, दर आठवड्याला की महिन्याला, कोणत्या तारखेला, कुणाच्या खात्यात. आठवड्याचं असेल तर ५२ ने गुणून १२ ने भागा. चार आठवडे म्हणजे महिना नव्हे, हे मी शंभर पौंड देऊन शिकलोय.

२. थकबाकीचा उतारा लेखी मागवा. "साधारण दोन महिने असतील" यावर पैसे पाठवू नका.

३. पैसे गरजूच्या खात्यात नको, कार्यकर्त्याच्या खात्यात तर अजिबात नको. संस्थेच्या खात्यातून थेट घरमालकाच्या किंवा एजंटच्या खात्यात. बँक खात्याचं नाव जुळतंय का ते दाखवते. "जुळत नाही" आलं तर तिथेच थांबा. फसवणुकीची सुरुवात बहुतेक "घाई आहे, या दुसऱ्या खात्यात टाका" इथूनच होते.

४. रेफरन्समध्ये भाडेकरूचा भाडेकरार क्रमांक. प्रेम मनात ठेवा, रकान्यात नको!

५. सोबत दोन ओळींचं पत्र: "ही रक्कम अमुक भाडेकरूच्या वतीने, अमुक महिन्याच्या भाड्यापोटी." आपण भाडेकरू नाही आणि जामीनही नाही, हे स्पष्ट असू द्या. जामीन राहणं म्हणजे पुढचं भाडं आणि नुकसान यांची जबाबदारी डोक्यावर घेणं. मंडळाने त्या वाटेला वकिलाला विचारल्याशिवाय जाऊ नये.

६. पावती भाडेकरूला. घर त्यांचं आहे.

७. नवीन घर असेल तर डिपॉझिटचा हिशेब. टेनंट फीज अॅक्ट २०१९ नुसार वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. आपल्या उदाहरणात १,५०० पौंड. पहिला महिना धरून २,८०० पौंड लागतात. हे डिपॉझिट ३० दिवसांत अधिकृत योजनेत जमा व्हायला हवं. ते संस्थेने भरलं असेल तर परत कुणाकडे यायचं, ते आधीच लिहून ठेवा. आणि पूर्वी आपल्या नव्या मंडळींकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागायचे, त्याला रेंटर्स राइट्स अॅक्ट २०२५ ने लगाम घातला: करार व्हायच्या आधी भाडं घेता येणार नाही, आणि करारानंतर सुरुवातीला जास्तीत जास्त एक महिन्याचं. हा नियम १ मे २०२६ पासूनचा.

८. शेवटचं आणि मुख्य: पुढच्या महिन्याचं काय? मदतीआधी हा प्रश्न विचारलाच पाहिजे. कारण सापडलं नाही तर आपण घर वाचवत नाही, फक्त नोटिशीची तारीख पुढे ढकलतो. कर्ज फार असेल तर मे २०२१ पासून असलेली ब्रीदिंग स्पेस योजना बघावी. कर्ज-सल्लागारामार्फत ६० दिवस वसुली थांबते, थकलेल्या भाड्याचीसुद्धा. चालू महिन्याचं भाडं मात्र त्या काळातही भरावं लागतं. नेमकं तेच भाडं आपल्यासारख्यांनी उचललं, तर त्या ६० दिवसांचं सोनं होतं.

वेळेचं महत्त्व किती ते सांगतो. कोर्टाला घर रिकामं करण्याचा आदेश द्यावाच लागेल, असं कारण होण्यासाठी पूर्वी दोन महिन्यांची थकबाकी पुरायची. १ मे २०२६ पासून ती मर्यादा तीन महिन्यांची. म्हणजे योग्य दिवशी भरलेलं एका महिन्याचं भाडं एखाद्या कुटुंबाला त्या रेषेच्या अलीकडे ठेवू शकतं. तेच पैसे महिनाभर उशिरा पोचले तर कदाचित कोर्टाच्या खर्चातच जातील.

तर आता तुमच्याकडे मागणं

मी वर ज्या चुका सांगितल्या, त्यातली यादीची चूक मला अजून टोचते. बाकीच्या दुरुस्त झाल्या, शंभर पौंड भरले, एजंटने पैसे जुळवले, नोटीस मागे घेतली. ताईंचा मुलगा त्याच शाळेत राहिला. पण त्यांना वाटलेली लाज मला परत घेता आली नाही. म्हणून माझी मंडळाला विनंती आहे की या निधीतून कुणाला मदत झाली, हे दोन-तीन विश्वस्तांपलीकडे कुणालाही कळू नये. वार्षिक सभेत आकडे सांगा, नावं नकोत. देणाऱ्यांनीही विचारू नये. कूड काय किंवा गावच्या मंडळाची खोली काय, तिथे राहणारा माणूस मान खाली घालून जिना चढत नसे, कारण वर्गणी सगळ्यांचीच असे. आज एकाची पाळी, उद्या कुणाची असेल सांगता येतं का? आम्हा आयटीवाल्यांचा व्हिसा आणि पगार दोन्ही एकाच नोकरीला टांगलेले असतात, हे आम्ही जाणतो.

आणि आता इंजिनिअरचा शेवटचा हिशेब. आम्ही व्हॉट्सअॅपवर गोळा केलेल्या पैशांत सरकारची एक पेनीही आली नाही. तेच पैसे तुम्ही नोंदणीकृत धर्मादाय निधीला दिलेत, तुम्ही इथे पुरेसा आयकर भरत असाल आणि गिफ्ट एडच्या फॉर्मवर सही केलीत, तर दर पौंडामागे २५ पेन्स वरून मिळतात. अट एवढीच की देणगी निधीला हवी, ठरावीक माणसासाठी नाही. म्हणजे तुमच्याकडून आलेले १,०४० पौंड गिफ्ट एडसकट होतात बरोबर १,३०० पौंड.

ताईंच्या घराचं एका महिन्याचं भाडं. या वेळी गुणाकार दोनदा तपासलाय!

फूल ना फुलाची पाकळी, जे जमेल ते द्या. फॉर्मवरची सही मात्र विसरू नका.